पंचावन्न मिलिमीटरचा थ्रॉटल

मी थ्रॉटल आहे. गाडीच्या इंजिनात किती हवा जाऊ द्यायची ते माझ्या हातात असतं, म्हणजे असायचं. आता एका वर्कशॉपच्या फळीवर बसून आहे. कोणी विचारलेलं नाही, तरी बोलतो. विचारणारं इथे कोणी येत नाही.

दिसायला मी साधा. ॲल्युमिनियमची आखूड नळी, आत पितळेची गोल चकती, बाजूला एक स्प्रिंग. चालकाने पाय दाबला की तार ओढली जाते, चकती फिरते आणि हवा आत शिरते. पाय उचलला की स्प्रिंग चकती मिटवते. हे काम मी एकवीस वर्षं केलं. एकदाही अडकलो नाही. हे सांगताना मला लाज वाटत नाही.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. वितळलेला धातू साच्यात ओतला, थंड झाल्यावर आतून घासून गुळगुळीत केला. शेवटी तपासणीच्या टेबलावर एका बाईने माझ्या तोंडात माप घालून बघितलं. बरोबर पंचावन्न मिलिमीटर. "चल, पुढचा," ती म्हणाली. माझ्याशी कोणी बोललेलं ते पहिलं वाक्य. ती माझ्याशी बोलत होती की पेटीतल्या पुढच्याशी, ते आजही मला ठाऊक नाही.

मला टर्बोच्या गाडीत बसवलं. टर्बो म्हणजे एक पंखा. तो इंजिनाच्या धुरावर फिरतो आणि बाहेरची हवा दाबून आत पाठवतो. ती हवा तापलेली असते, म्हणून आधी बंपरमागच्या जाळीतून फिरते. त्या जाळीला इंटरकूलर म्हणतात. तिथून एका जाड रबरी नळीतून ती माझ्याकडे येते आणि मी ती इंजिनाला देतो. एवढं लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्या रबरी नळीवर आहे.

पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. माणूस सज्जन, पण ॲक्सिलरेटरवर पाय असा ठेवायचा की खाली झोपलेलं मूल असावं. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. दहा वर्षांत त्याने मला एकदाही पूर्ण उघडलं नाही. मी अर्ध्यावर यायचो आणि परत मिटायचो. आपल्यात किती ताकद आहे ते आपल्यालाच कळू नये, हे वाईट असतं.

मग गाडी दोन भावांनी घेतली.

थोरला टर्नर. लेथवर धातू कातणारा. या वर्कशॉपच्या मागच्या खोलीत तो एकटाच राहतो. त्याने लग्न केलं नाही, किंवा लग्नाने त्याला केलं नाही. शेजारचा वेल्डर दोन्ही सांगतो. बोलणं मोजकं, माप शंभरांश मिलिमीटरपर्यंत. धाकटा पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात कारकून. आठवडाभर फायलींत मान घालून बसायचा आणि रविवारी सकाळी आठला इथे हजर व्हायचा. दोघं दिवसभर गाडीला लागायचे. वर्षातून एकदा डोंगराच्या रस्त्यावर चढाची शर्यत असायची. एका वेळी एक गाडी वर सोडतात आणि वेळ मोजतात. धाकटा चालवायचा. थोरला खाली उभा राहायचा, हात मागे बांधून.

पहिल्या शर्यतीत धाकट्याने पाय तळाला नेला. मी पूर्ण उघडलो. टर्बोची हवा अंगावर आली, मागे न बघता पुढे गेली, आणि गाडी अशी उठली की मला माझ्या दहा वर्षांची कीव आली. त्या दिवशी मला कळलं, मी कशासाठी घडवलेला होतो.

वेळ आली चार मिनिटं अकरा सेकंद. धाकट्याची बायको घड्याळ घेऊन उभी होती. ती म्हणाली, "अकरा. लिहून ठेवा भाऊजी, नाहीतर घरी येईपर्यंत तुमचा भाऊ नऊ करेल."

थोरला हसला. मी त्याला हसताना फार वेळा पाहिलेलं नाही.

त्यानंतर सात वर्षं वेळ दहा-बाराच्या आसपास राहिली. बक्षीस कधी मिळालं नाही. दोघांना त्याचं काही नव्हतं.

आता या वर्कशॉपची एक रीत सांगतो. थोरल्याने नट आवळला की तो त्यावर बारीक ब्रशने पिवळ्या रंगाची रेघ ओढायचा. रेघ ओढली म्हणजे ते काम झालं. त्याला पुन्हा पाना लावायचा नाही, त्याच्यावर शंका घ्यायची नाही. रेघ फक्त थोरल्याने ओढायची. धाकट्याने एकदा ब्रश हातात घेतला होता, तर थोरल्याने नुसतं बघितलं. त्याने ब्रश खाली ठेवला. मी कारखान्यातून बसून आलेलो, त्यामुळे माझ्या अंगावर पिवळं कुठेच नव्हतं. याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

मग एका वर्षी रेडिएटर गळायला लागला. तो काढायचा तर पुढचं सगळं सोडावं लागतं. थोरल्याने बंपर काढला, इंटरकूलरवरची रबरी नळी खालच्या टोकाला सोडली, नवा रेडिएटर बसवला, नळी परत चढवली. तिच्यावरचा पत्र्याचा पट्टा, ज्याला क्लॅम्प म्हणतात, तो आवळला. पुरेसा आवळला होता. पण त्याने वर आणखी अर्धा फेरा दिला. त्याला सैल काही आवडत नाही. मग पिवळी रेघ ओढली आणि बंपर लावला.

त्या अर्ध्या फेऱ्याने पट्ट्याची धार रबरात घुसली.

मला ते दिसलं नाही, जाणवलं. पुढच्याच चढाला टर्बोने हवा दाबली आणि माझ्यापर्यंत पोचली ती कमी. नळीतून बारीक शीळ येत होती. रबर चिरलं होतं. दाब आला की चीर उघडायची आणि हवा बाहेर जायची. दाब गेला की ओठ मिटावेत तशी बंद. हाताने चाचपून काही कळलं नसतं. इंजिनाच्या आवाजात ती शीळ माणसाच्या कानाला येत नव्हती. माझ्या कानाला येत होती. मला तोंड आहे, पण ते हवेसाठी.

त्या वर्षी वेळ आली चार सतरा.

"घड्याळ बिघडलंय," थोरला म्हणाला.

"घड्याळ माझं आहे, भाऊजी," धाकट्याची बायको म्हणाली. "मी बिघडले तरी ते बिघडणार नाही."

पुढच्या वर्षी चार एकोणीस. भावांनी प्लग बदलले, इंजिनाला पेट्रोल पोचवणारा पंप बदलला, टायर बदलले. धाकटा गप्प गप्प राहू लागला. मग एका रविवारी त्याची बायको डबा घेऊन आली. डबा टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं.

"यंदा सव्वाचारच्या आत आली तर ठेवा गाडी. नाहीतर विका. वर्षात बावन्न रविवार येतात भाऊजी, त्यातला एक तरी आम्हाला द्या."

"तो काय म्हणतो?" थोरल्याने विचारलं.

"मी काय म्हणणार?" धाकटा म्हणाला. "वर गेल्यावर हल्ली मलाच मजा येत नाही. शेवटच्या दोन वळणांत वाटतं, आपण कमी पडतोय."

थोरल्याने डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं. मी समोरच होतो. बॉनेट उघडं होतं. गाडी गेली तर त्याच्याकडे धाकट्याला बोलवायला दुसरं कारण नव्हतं. 'नुसता ये' असं म्हणणारा तो माणूस नव्हे. त्याला गाडी वाचवायची होती, ती एवढ्यासाठी.

मग त्याने दाब मोजला. एक काटा टर्बोपाशी लावला, एक माझ्या पलीकडे, इंजिनाच्या तोंडाशी. धाकट्याला गाडी पळवायला लावली आणि स्वतः शेजारी बसून दोन्ही काटे बघितले. टर्बोपाशी दाब पुरा. माझ्या पलीकडे कमी. म्हणजे मधे कुठेतरी अडतंय. मधे काय काय होतं? इंटरकूलर, रबरी नळी आणि मी.

"इंटरकूलर धुतलाय," थोरला म्हणाला. "थ्रॉटलच लहान पडतो. पंचावन्नचा आहे. हवा तुंबते याच्यात."

"ती खालची नळी एकदा उघडून बघायची का?" धाकट्याने विचारलं.

"पिवळं आहे."

"तरी. बघायला काय जातं?"

"पिवळं आहे म्हटलं ना."

धाकट्याने पाना परत पेटीत ठेवला. आवाज होऊ न देता ठेवला. मी तेव्हा जीव तोडून ओरडलो असतो. सात वर्षं याच पंचावन्नमधून तुम्हाला अकरा मिळाले, तेव्हा मी लहान नव्हतो का? पण असा प्रश्न त्यांनीच स्वतःला विचारायला हवा होता.

थोरल्याने नवा थ्रॉटल स्वतः घडवायचं ठरवलं. पासष्ट मिलिमीटरचा. तीन आठवडे संध्याकाळी लेथ चालू असायचा. त्याने मला काढून समोर ठेवलं आणि व्हर्नियरने माझी सगळी मापं घेतली. चकतीची जाडी, दांड्याचा व्यास, स्प्रिंगचा ताण. इतक्या बारकाईने मला कोणी हाताळलं नव्हतं. मला बरं वाटत होतं, आणि हे सगळं मला घालवण्यासाठी चाललंय, हेही कळत होतं. दोन्ही एकदम वाटू शकतं.

नवा सुरेख झाला. खोटं बोलणार नाही. त्याची चकती मिटायची तेव्हा मागून दिवा धरला तरी उजेड दिसायचा नाही. इंजिनाचं तोंडही थोरल्याने त्याच मापाने मोठं केलं. माझ्या बाजूची नळीची वरची जोडणी बदलली. खालच्या, पिवळ्या टोकाला हात लावला नाही. नव्याच्या चारही बोल्टांवर पिवळी रेघ ओढली.

मला फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं. फडकं लवकरच घसरलं. म्हणून पुढचं मला खिडकीतून दिसलं.

पहिल्या फेरीवरून धाकटा आला तो हसतच. "दादा, काय केलंस काय! नुसता पाय ठेवला की सुटते!"

थोरल्याने मान हलवली. त्याचे कान लाल झाले होते.

त्यात जादू नव्हती. तोंड मोठं असलं की थोडा पाय दाबला तरी जास्त हवा जाते. सुरुवातीला गाडी चपळ वाटते. पण पाय तळाला गेल्यावर टर्बो जेवढी हवा पोचवेल तेवढीच मिळते, आणि ती तर खाली चिरेतून जात होती. शिवाय इतक्या हलक्या पायावर गाडी उसळायला लागली की वळणावर सांभाळणं अवघड. हे मला दिसत होतं. फळीवर बसून दिसण्याचा काही उपयोग नसतो.

शर्यतीला मी नव्हतो. ते परत आले तेव्हा गाडीतून उतरायला तिघांनाही वेळ लागला. चार एकवीस. धाकट्याची बायको घड्याळ पर्समध्ये ठेवून एका बाजूला उभी राहिली. त्या दिवशी ती मनाला लागेल असं काही बोलली नाही.

"वळणावर मागची चाकं सरकली," धाकटा म्हणाला. "मी पाय उचलला. मग परत दाबायला धीर झाला नाही."

"गाडीत काही दोष नव्हता," थोरला म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. गाडीत सगळं नवं झालं, दादा. जुना मीच राहिलो."

थोरल्याने बंपरकडे बघितलं. त्याने एवढंच म्हणायला हवं होतं, की नाही रे, तसं नाही. तो म्हणाला, "वय होतं माणसाचं."

धाकट्याने मान डोलावली. बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ती दोघं गेली.

गाडी एका फर्निचरवाल्याने घेतली. पुढच्या रविवारी थोरल्याने आठ वाजता दार उघडलं, झाडून काढलं, लेथला तेल दिलं आणि स्टुलावर बसला. नऊ वाजता वेल्डर डोकावला. "आज एकटेच?" त्याने विचारलं. "कामं आहेत," थोरला म्हणाला. काम एकही नव्हतं. धाकटा सुरुवातीला पंधरवड्याने फोन करायचा. तब्येत कशी, बरी आहे, तुझी, बरी आहे. मग महिन्याने करू लागला. गाडी नसल्यावर दोघांना बोलायला विषय सापडेना.

असा पाऊण वर्षाचा काळ गेला.

मग फर्निचरवाला आला. गेटला घासून त्याने बंपर चेपवला होता. भर दुपार होती. थोरल्याने बंपर उतरवला आणि खाली वाकला तो वाकलेलाच राहिला. रबरी नळीच्या खालच्या टोकाशी तेलकट काळा डाग होता, हाताच्या पंज्याएवढा. हवा बाहेर पडते तिथे तेलाची वाफ असा डाग सोडते. त्याने तो पुसला. डागाखाली क्लॅम्प, क्लॅम्पवर पिवळी रेघ. जशी ओढली होती तशीच.

त्याने पाना लावला. रेघ मोडली. नळी निघाली. चीर अंगठ्याएवढी लांब होती.

"काय झालं हो मिस्त्री?" फर्निचरवाल्याने विचारलं.

"रबर चिरलंय. जास्त आवळलं होतं."

"कोणी गाढवाने?"

"मी."

फर्निचरवाल्याने खोकून दुसरीकडे बघितलं. थोरल्याने नवी नळी चढवली, क्लॅम्प बेताने आवळला. रंगाचा ब्रश घेतला नाही. फर्निचरवाला फेरी मारून आला आणि काचेतूनच ओरडला, "मिस्त्री, ही तर निराळीच गाडी झाली! अहो, पाठ सीटला चिकटते!"

"हळू चालवा," थोरला म्हणाला.

गाडी गेली. चीर पडलेली नळी बाकावर राहिली. मला वाटलं, हा आता ती कचऱ्यात टाकेल. टाकली असती तर कोणाला कळलं असतं? गाडी विकली गेलेली, शर्यती संपलेल्या, धाकट्याने स्वतःचं वय मान्य केलेलं. आणि या माणसाने जन्मात कोणापुढे चूक कबूल केलेली मी पाहिली नव्हती. सांगितलं, तर उरलेसुरले महिन्याचे फोनही बंद होण्याची भीती होती. मग हात न धुताच त्याने धाकट्याला फोन लावला. बोटं काळी होती, म्हणून फोन कानाला न लावता बाकावर ठेवला आणि आवाज मोठा केला. त्यामुळे मी दोन्हीकडचं ऐकलं.

"दादा? आत्ता? ऑफिसात आहे मी. बरं आहे ना सगळं?"

"नळी चिरलेली होती."

"कुठली नळी?"

"खालची. पिवळी. रेडिएटर बदलला तेव्हापासून. माझ्या हाताने चिरली. दाब तिथून जात होता."

पलीकडे कोणीतरी फाईल मागत होतं. धाकटा त्याला "थांबा" म्हणाला.

"तीन शर्यती," थोरला म्हणाला. "तिन्ही माझ्यामुळे गेल्या. तुझा पाय बरोबर होता."

"मी म्हटलं होतं तुला, उघडून बघू."

"म्हणाला होतास."

"मी घरी सांगितलं, दादा, माझी नजर गेली. पोरं मला रात्री घरची गाडी चालवू देत नाहीत. मी चावी देऊन टाकतो त्यांच्या हातात. तू म्हणालास वय झालं. तू म्हणालास म्हणून मी धरून चाललो."

"चुकलो मी."



"ठेवतो," धाकटा म्हणाला. फोन बंद झाला.

थोरला हात धुवायला गेला. नळ खूप वेळ चालू होता.

परत आला तो फळीपाशी. त्याने मला खाली घेतलं, पेट्रोलने धुतलं, कोरडं केलं. अंगठ्याने चकती दाबली. मी पूर्ण उघडलो. सोडली तसा मिटलो. कुरकुर नाही. मग त्याने एका पुठ्ठ्यावर जाड पेन्सिलीने लिहिलं, 'चांगला आहे. याच्यात दोष नव्हता.' शाळा फारशी न झालेला माणूस, अक्षर वाकडं आलं. पुठ्ठा दोऱ्याने माझ्या दांड्याला बांधला आणि मला पुढच्या, रस्त्यावरून दिसणाऱ्या फळीवर मांडलं.

त्याला आज सहा रविवार झाले. धाकटा आला नाही. फोनही नाही. मला त्याचा राग येत नाही. एवढी वर्षं स्वतःला कमी समजलेल्या माणसाला थोडा वेळ लागणार. एक बातमी मात्र आली. भाजीच्या दुकानात धाकट्याची बायको वेल्डरला भेटली होती. तो इथे येऊन सांगून गेला, "तुमचा भाऊ परत गाडी चालवायला लागलाय हो. रात्रीसुद्धा. पोरांकडून चावी काढून घेतली म्हणे, भांडून." थोरला लेथवर होता. त्याने लेथ बंद केला, "भांडून?" असं एकदा विचारलं, आणि लेथ परत चालू केला. त्या संध्याकाळी तो नेहमीपेक्षा बरा जेवला. एकटाच जेवला, पण बसून.

मला सत्य तीन वर्षं ठाऊक होतं आणि सांगता आलं नाही. त्याला कळलं त्याच दुपारी त्याने सांगितलं. त्याने मला विनाकारण काढलं, हे खरं आहे. तरी मी त्याच्या बाजूने बोलेन.

माझं म्हणाल तर मी पंचावन्न मिलिमीटरचा आहे, स्प्रिंग ताठ आहे, चकती साफ आहे. माझ्या मापाची गाडी असेल तर मला घेऊन जा. पुन्हा एकदा पूर्ण उघडायला मला आवडेल. गाडी नसली तरी वाटेने जाताना थांबा आणि पुठ्ठ्यावर हे काय लिहिलंय म्हणून आत जाऊन विचारा. तो आधी "काही नाही" म्हणेल. परत विचारा. तो स्टूल पुढे करील.